गुप्तेबाई प्लेट उलटी ठेवत

परवा आमच्या स्कॅन सेंटरला दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी हॉल घेतला होता. मला शाल आणि नारळ दिला. स्टेजवर चढून एवढ्या माणसांसमोर मी कधी उभी राहिलेली नाही. मग मालकांनी भाषण केलं. ठाण्यात असं मशीन कोणाकडे नव्हतं तेव्हा आपण ते कसं आणलं, ते सांगितलं. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरचं नाव घेतलं, जे जे डॉक्टर पेशंट पाठवतात त्यांची नावं घेतली, जेवणवाल्याचंही घेतलं. आमच्या डॉक्टर गुप्तेबाईंचं घेतलं नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्या मशीनमधून निघालेली प्रत्येक प्लेट जिने वाचली, तिचं नाव नाही.

मी नारळ घेऊन खाली येऊन बसले. रागाने माझे कान गरम झाले होते. मला राग आला की मी गप्प होते, लहानपणापासून तशीच आहे. गुप्तेबाईंना राग आला की भिंतीपलीकडच्या पेशंटलाही कळे. त्या असत्या तर तिथेच उठून बोलल्या असत्या. मला ते जमत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात चार माणसं बघितली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

मी बाळकुमला राहते. सासरची माणसं पूर्वीची मिठागरवाली, आगरी. नवरा वारल्यावर मी सेंटरमध्ये मावशी म्हणून लागले. बायकांना कपडे बदलायला मदत करायची, अंगावरचे दागिने काढून घेऊन सांभाळायचे, टेबलावर झोपवायचं. पोटाचा स्कॅन असला की औषधाचं पाणी पाजायचं. ते पाणी पोटात गेलं की आतडी भरतात आणि प्लेटवर नीट दिसतात. ते सावकाश प्यायचं असतं, तासभर, थोडं थोडं.

त्या पाण्यावरूनच मी बाईंचा राग पहिल्यांदा बघितला. डोंबिवलीचं एक जोडपं आलेलं. बायकोला पाणी कडू लागलं, दोन घोटांत तिने तोंड वाकडं केलं. नवरा प्रेमळ होता. त्याने इकडेतिकडे बघून उरलेलं सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि रिकामा जग मला परत दिला. मला वाटलं तिनेच प्यायलं. स्कॅन झाला, बाईंनी पडद्यावर बघितलं तर आतडी कोरडी. त्या बाहेर आल्या. उंच, हडकुळ्या, मशीनच्या खोलीतल्या थंडीसाठी भावाचा जुना मरून रंगाचा स्वेटर साडीवर घातलेला, हातात पुरुषी घड्याळ. पाणी कोणी प्यायलं, असं विचारलं. नवरा हसत म्हणाला, मॅडम, तिला त्रास होत होता म्हणून मी घेतलं, औषधच तर आहे.

"मग तुम्ही झोपा आत," बाई म्हणाल्या. "तुमचंच पोट बघते. तिचं दुखतंय, तर तुमचं बघू."

तो हसायचा थांबला. बाईंनी त्याला बाहेर रस्त्यावर फिरायला पाठवलं आणि त्याच्या बायकोशेजारी स्वतः बसून तिला नवं पाणी पाजलं. मध्येमध्ये एक लवंग देत. लवंगा त्यांच्या स्वेटरच्या खिशात नेहमी असत. दिवसभर चघळत असत, त्यामुळे त्या ओरडल्या तरी लवंगेचा वास येई. अजून कोणी लवंग फोडली की मी दचकते.

बाईंची एक पद्धत होती. तिच्यासाठी लोक त्यांना हसत. प्लेटा धुऊन, वाळून आल्या की त्या टेबलावर उलट्या ठेवत. पेशंटने जुने एक्सरे आणलेले असले तर तेही उलटे. मग पेशंटला समोर बसवून म्हणत, सांग. तो लगेच पोटावर हात ठेवून दुखतंय ती जागा दाखवी. बाई म्हणत, पोटापासून नको, तोंडापासून सुरू कर. तोंड येतं का? गिळताना काही होतं का? जेवल्यावर किती वेळाने दुखतं? संध्याकाळी कणकण येते का, घामाने कपडे भिजतात का? घरात कोणी खोकतं का? सांधे धरतात का? जुलाब की कडक, रक्त पडतं का? असं करत करत शेवटापर्यंत येत. शेवटचा प्रश्न आला की माणसं भिंतीकडे बघत.

"नळी एकच आहे," बाई म्हणत. "वरचं तोंड सांगता, मग खालचं का लपवता?"

सगळं ऐकून झालं की मग प्लेट सुलटी करायची. प्लेट लावायची दिव्याची पेटी लगेच लागत नसे, तिला बाजूने थापड मारत. मग पिवळी जाड पेन्सिल घेऊन प्लेटवर गोल काढत आणि पुटपुटत. बाहेरचे डॉक्टर म्हणायचे, फोटो काढणारीने फोटो काढावा, पंचायती कशाला. मालकांना वाटे, एका पेशंटमागे एवढा वेळ गेला तर बाकीचे कधी होणार.

मला त्या प्लेटांतलं काही कळत नाही. काळं, पांढरं आणि करडं दिसतं. पण बाई बोलत ते कानावर पडे. त्यांचं सगळ्यात जास्त डोकं फिरे ते आतड्यांच्या दोन आजारांवरून. एक टीबी. टीबी छातीत होतो हे सगळ्यांना माहीत असतं, तो आतड्यांतही होतो. दुसरा क्रोन्स नावाचा, तो तेव्हा इकडे कोणी ऐकलेला नव्हता. दोन्हींमध्ये पोटाच्या उजव्या बाजूला, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे सूज येते. दोन्हींमध्ये माणूस वाळतो, दुखतं, ताप येतो. बाई म्हणत, प्लेटवर या दोघी जुळ्या बहिणी आहेत, बोलायला लागल्या की कळतं कोण कोण ते. टीबी असला तर बऱ्याचदा आतड्याशेजारी गाठी दिसतात, आतून काळ्या आणि कडेने पांढऱ्या, कधी पोटात पाणी झालेलं असतं. दुसरीत आतडं एका ठिकाणी जाड, मग चांगलं, मग पुन्हा जाड, आणि त्याला जाणाऱ्या रक्ताच्या शिरा फणीच्या दातांसारख्या उभ्या दिसतात. पण असं स्वच्छ क्वचितच असतं. बऱ्याचदा बाई पेन्सिल खाली ठेवून म्हणत, मला माहीत नाही. रिपोर्टातही तसंच लिहीत. दोन्ही असू शकतं, दुर्बीण घालून तुकडा काढून तपासा. हे वाचून बाहेरचे डॉक्टर चिडत. एवढा महागाचा स्कॅन आणि रिपोर्टात माहीत नाही.

बाई नेहमीच अशा नव्हत्या, हे मला एका दुपारी कळलं. लाइट गेलेली, मशीन बंद, आम्ही दोघी अंधाऱ्या खोलीत बसलेलो. मी धीर करून विचारलं की प्लेट आधी उलटी का ठेवता. त्यांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. मग डोंबिवलीच्या एका शिंपीमास्तरांचं सांगितलं. बाई तेव्हा नवीन होत्या, दुसरीकडे काम करत होत्या. मास्तरांची प्लेट बघून त्यांना पुस्तकातला क्रोन्स दिसला, अगदी चित्रातल्यासारखा. त्यांनी ठणकावून तसं लिहिलं. त्यावरून मास्तरांना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला इतकं बरं वाटलं की ते पेढे घेऊन बाईंना भेटायला आलेले. पण तो टीबी होता. त्या गोळ्यांनी अंगातली ताकद दबते आणि टीबीला रान मोकळं मिळतं. तो सगळीकडे पसरला. मास्तर गेले. नंतर त्यांची बायको कागद घेऊन आली. ती भांडली नाही. तिने नुसतं सांगितलं की मास्तर आणि त्यांचा भाऊ एकाच खोलीत झोपत, आणि भावाला वर्षभर खोकला होता.

"मी मास्तरांना विचारलंच नाही, सुमन," बाई म्हणाल्या. "ते बाहेर बाकावर बसलेले होते. हाक मारली असती तर आले असते."

एवढं बोलून त्या उठल्या आणि लाइटवाल्यांना फोन लावून त्यांच्यावर ओरडल्या.

आता माझ्या घरचं सांगते, कारण बाईंचं सांगायचं तर ते सांगावं लागेल.

माझी धाकटी जाऊ बेबी. माहेर शहाडचं. हसरी होती, लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज विहिरीपर्यंत जायचा. पिंकीच्या बाळंतपणानंतर तिला उजवीकडे पोटात दुखायला लागलं. ताप यायचा, जुलाब व्हायचे, अंगावरचं मांस उतरलं. नाक्यावरच्या डॉक्टरने पोट दाबून टीबी सांगितला. त्याच्याकडे जो वाळलेला येई त्याला टीबीच. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी लघवी लाल होऊ लागली, आणि सासूबाईंनी बेबीचं ताट, वाटी, पेला वेगळा केला. ओळखायला चूक नको म्हणून देवघराच्या चौकटीला लावून उरलेल्या लाल ऑइलपेंटचा ठिपका प्रत्येक भांड्यावर दिला. पिंकीला तिच्या ताटातलं खायला मनाई. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, बेबी तशीच. डॉक्टर म्हणाला, टीबी चिवट आहे, आणि दुसरा कोर्स सुरू केला.

आमच्या घरात पाळी आली की बाईने मागच्या पडवीत बसायचं. बेबी महिन्यातला अर्ध्याहून जास्त वेळ पडवीतच असे. तिचे कपडे नेहमी डागाळलेले. सासूबाई विहिरीवर बायकांना सांगायच्या की धाकटीची चालूच असते, टीबीने अंग सगळं पोकळ केलंय. नाक्यावरच्या डॉक्टरला त्यांनीच जाऊन सांगितलं आणि त्याने पाळी थांबायच्याही गोळ्या दिल्या, तिला न बघता. आम्हाला सगळ्यांना ती पाळीच वाटत होती. बेबीने कधी काही वेगळं सांगितलं नाही, आणि पडवीत बसलेल्या बाईला कोणी जवळ जाऊन विचारत नाही.

दुसऱ्या कोर्सनेही गुण येईना तेव्हा डॉक्टरने चिठ्ठी दिली, पोटाचा टीबी किती पसरलाय ते स्कॅन करून बघा. सासूबाई बेबीला घेऊन आमच्या सेंटरला आल्या. मला बघून बेबी नुसती ओठांनी हसली.

बाईंनी चिठ्ठी वाचली, उलटी करून बाजूला ठेवली. स्कॅन झाला. प्लेटा आल्या, त्याही उलट्या. तोंडापासून सुरू झालं. बेबी प्रत्येक प्रश्नाला सासूबाईंकडे बघे आणि उत्तर सासूबाई देत. तोंड येतं का, तर सासूबाई म्हणाल्या, तिखट खाते ना. गुडघे धरतात का, तर म्हणाल्या, काम नको असतं.

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या.

"का? आमची सून हाय."

"आजार तिचा आहे."

सासूबाई उठल्या, पण दाराशी उभ्या राहिल्या. बाईंनी मला खूण केली, मी दार लावलं. त्या दाराबाहेर माझी पण सासू उभी होती. आत बेबी थोडं थोडं बोलू लागली. तोंड सारखं येतं. गुडघे सुजतात. खोकला घरात कोणाला नाही. मग शेवटचा प्रश्न आला आणि ती भिंतीकडे बघू लागली.

"कपड्यांना डाग कसले?" बाईंनी विचारलं.

"पाळीचं असतं."

"किती दिवस?"

"असतंच."

"कुठून येतं ते, बेबी?"

ती रडायला लागली. मोठ्याने नाही, नाक वाहायला लागलं तेवढंच. बाईंनी तिला कुशीवर झोपवलं, पडदा ओढला, मला दिवा धरायला सांगितलं. संडासच्या जागेशेजारी दोन भोकं होती, त्यांतून पू आणि रक्त झिरपत होतं. किती काळ ते तसंच होतं कोण जाणे. बेबी म्हणाली, वैनी, कोणाला सांगू नको, मला वाटलं माझ्याच हातून काही पाप झालं असेल.

मी बाईंना एवढ्या गप्प कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्यांची भीती वाटली. त्यांनी बेबीची साडी स्वतः नीट केली, तिला उठवून बसवलं, खिशातली लवंग दिली. मग प्लेटा सुलट्या केल्या आणि पेटीला थापड मारली. आतून काळ्या अशा गाठी नव्हत्या. आतडं तीन जागी जाड होतं, मध्ये चांगलं, आणि शिरा फणीसारख्या. बाईंनी पेन्सिलने गोल काढले. हे खालचं टीबीत सहसा नसतं, त्या म्हणाल्या, दुसरीत असतं. मग माझ्याकडे वळल्या.

"दोन वर्षं हिचं उत्तर पडवीत बसलेलं होतं."

तरीही त्यांनी रिपोर्टात छातीठोक लिहिलं नाही. शिंपीमास्तर आठवले असतील. लिहिलं की क्रोन्स जास्त वाटतो, टीबी पूर्ण नाकारता येत नाही, आणखी औषधं देण्याआधी तुकडा तपासा. सोबत मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

दुसऱ्याच दिवशी नाक्यावरच्या डॉक्टरचा मालकांना फोन. मालक बाईंच्या खोलीत आले. मी लादी पुसत होते, पुसत राहिले. मालक म्हणाले, डॉक्टर हसतायत आपल्याला, तो गोऱ्या लोकांचा आजार, बाळकुमच्या मिठागरवालीला कुठून होणार. एक ओळ बदला, टीबी असू शकतो एवढंच लिहा. तुम्हीच लिहिलंय ना की नाकारता येत नाही? मग खोटं कुठे आहे त्यात?

"टीबी असू शकतो हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ती ओळ का हवी आहे, ते खोटं आहे. त्याच्या गोळ्या चालू राहाव्यात आणि त्याचे पेशंट तुमच्याकडे यावेत. मिठागरवालीचं आतडं काय वेगळ्या मातीचं असतं?"

आणि त्यांनी पिवळी पेन्सिल फेकली. ती मालकांना लागली नाही, कॅलेंडरला लागली. मालक हसून बाहेर गेले. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं. त्यानंतर नाक्यावरच्या डॉक्टरचे पेशंट आले नाहीत, त्याच्या ओळखीच्यांचेही आले नाहीत. बाईंचे कामाचे वार कमी झाले. उरलेल्या वारी स्कूटरवरून एक डॉक्टर येऊ लागले. ते हेल्मेट टेबलावर ठेवत, प्लेटा भराभर बघत, चिठ्ठीत जे लिहिलं असेल तेच रिपोर्टात लिहीत. पेशंटचं तोंड बघत नसत. मालक खूश.

बेबीला मुंबईला मी नेलं. तिथे खालून दुर्बीण घातली, तुकडे काढले. टीबी नव्हता. कधीच नव्हता. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या, जखमेचं लहान ऑपरेशन झालं. घरी येऊन ती भाकरी मागून खाऊ लागली. मला वाटलं, आता ठिपक्यांची भांडी जातील आणि बेबी स्वयंपाकघरात येईल.

झालं उलटंच. सासूबाईंनी ऑपरेशनच्या वेळी येऊन तिथल्या डॉक्टरांना विचारून घेतलेलं की हा बरा कधी होणार. त्यांनी खरं ते सांगितलं की हा दबून राहतो, कधी पुन्हा उठतो, औषधं कायम लागू शकतात. सासूबाई माझ्या दिराला, काशिनाथला, म्हणाल्या की टीबी तरी बरा होतो. ह्याला जन्मभर कोन बघल? टीबी आहे म्हणून दोन वर्षं तिला वेगळं ठेवलं, आणि टीबी नाही म्हणून घराबाहेर काढलं. काशिनाथ तिला शहाडला सोडून आला. पिंकीलाही दिलं. मुलगी होती म्हणून दिली, मुलगा असता तर ठेवून घेतला असता. मी मागच्या दारात उभी राहून पिंकीच्या फ्रॉकांची पिशवी भरत होते आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. जागा आणि जमीन त्यांची, मी त्यांच्याच घरात राहणारी विधवा.

बाई रोज विचारत, बेबी कशी आहे. मी बरी म्हणत राहिले. एक दिवस म्हणता आलं नाही. बाईंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं, तोंडापासून खालपर्यंत. मग एवढंच विचारलं की तिच्या प्लेटा कुठे आहेत. मी म्हटलं, घरी कपाटावर, त्यांनी त्याही दिल्या नाहीत बरोबर. बाईंनी लवंग तोंडातून काढून टोपलीत टाकली.

त्या रविवारी दुपारी त्या आमच्या घरी आल्या. रिक्षावाला खड्ड्यांतून आत यायला तयार झाला नाही, म्हणून माजिवड्यापासून चालत आलेल्या. साडीला धूळ. ओटीवर सासूबाई तांदूळ निवडत होत्या, काशिनाथ खाटेवर. बाई खुर्चीवर बसल्या आणि मला वाटलं आता ओरडतील. त्या हळू बोलल्या. हा आजार लागत नाही, तिला सांभाळलं तर ती चांगली राहील, मुलीला वाढवील, हे सगळं शांतपणे सांगितलं. सासूबाई तांदूळच निवडत राहिल्या. तेव्हा बाईंचा आवाज चढला.

"महिना महिना पाळी चालते असं तुम्ही गावभर सांगितलंत. तुम्ही बाई आहात. एकदाही वाटलं नाही, जाऊन विचारावं?"

"आमचे घरान असलं इचारत नाय."

"आणि तुम्ही?" बाई काशिनाथकडे वळल्या. "तुम्ही तर नवरा आहात."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"बाई, आमी तिला मारलं का? औषिद दिलं, खायला दिलं."

"वेगळ्या ताटात."

"टीबी व्हता म्हणून."

"नव्हता."

"तवा कोनाला म्हाईत? डॉक्टरनीच सांगितला ना टीबी. मी शिकलेली नाय. डॉक्टर तुमीच लोकं."

बाईंच्या तोंडावरचा राग गेला नाही, पण तो सासूबाईंवरून निघून कुठेतरी आत वळला, ते मला दिसलं. सासूबाईंवर माझा राग आजही आहे, पण हे त्या खरं बोलल्या. बाईंनी प्लेटा मागितल्या, त्या बेबीच्या आहेत म्हणून. काशिनाथने उठून कपाटावरून पाकीट काढून दिलं, धूळ पण झटकली नाही. बाईंनी पाकीट पदराने पुसलं आणि पाणी मागितलं.

मी आत गेले. मांडणीवर पाहुण्यांचे पेले चकचकीत रांगेत होते. खाली कोपऱ्यात बेबीचा पेला होता. ती गेल्यावर तो आम्ही माठ विकणारीला, गटार साफ करणाऱ्याला पाणी द्यायला ठेवला होता. मी मुद्दाम तोच उचलला. भरून नेला आणि बाईंच्या हातात दिला, सासूबाईंच्या समोर. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेचं मला पुढे बरंच सोसावं लागलं, पण त्या वेळी मी मान खाली घातली नाही.

बाईंनी पेला फिरवून बघितला. ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"हा तिचा?"

मी मान हलवली. बाईंनी सगळं पाणी प्यायलं आणि उठल्या. पेला नेते, असं कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

नाक्यावरच्या डॉक्टरला हे कळायला वेळ लागला नाही. तुमची डॉक्टरीण पेशंटच्या घरी जाऊन भांडते, असं त्याने मालकांना सांगितलं. त्यानंतर बाईंना बोलावणं गेलं नाही, आणि त्याचे पेशंट पुन्हा येऊ लागले. त्यांचा स्वेटर कितीतरी दिवस खुंटीवर होता, मग स्कूटरवाले डॉक्टर थंडी वाजली की तो घालू लागले. नाक्यावरच्या डॉक्टरचं नाव परवा भाषणात आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काशिनाथने दुसरं लग्न केलं. बेबी शहाडला आहे. कधी चांगली असते, कधी झोपून असते, पण आहे. पिंकी शाळेत जाते. बाईंनी प्लेटांबरोबर शहाडला पोचवलेला तो पेला बेबीच्या मांडणीवर बाकीच्या पेल्यांत असतो. बाई कुठे गेल्या, मला कळलं नाही.

मी त्यांना शेवटचं त्या रविवारीच बघितलं. त्या निघाल्या तशी मी दारापर्यंत गेले, पुढे जायचा धीर झाला नाही. उन्हात रस्त्याने त्या चालत होत्या, उंच, काखेत प्लेटांचं पाकीट, हातात रिकामा पेला. वळणापाशी पाकीट घसरायला लागलं तशा थांबल्या. मला वाटलं मागे वळून बघतील. त्यांनी पाकीट नुसतं कोपराने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पेल्यावरचा लाल ठिपका खरवडू लागल्या. तो ऑइलपेंट होता, नखाने निघणारा नव्हता. राखेनेही निघत नसे, बेबी गेल्यापासून तो पेला मीच रोज घासत होते. बाई चालायला लागल्या, आणि दिसेनाशा होईपर्यंत खरवडतच होत्या.